पोर्शे ९४४ चं कूलंट: जांभळं भरायचं की निळ्या-हिरव्याकडे परत जायचं?

प्रश्न असा आहे. पुण्याहून नोकरीसाठी श्टुटगार्टला आलेल्या एका तरुण इंजिनिअरने १९८६ ची पोर्शे ९४४ घेतली आहे, साधी अडीच लिटरची, आठ व्हॉल्व्हची. कूलंटच्या टाकीत तांबूस-तपकिरी पाणी दिसतं. आधीच्या मालकाने काय भरलं होतं याची नोंद नाही. दुकानदार म्हणतो, जांभळं घ्या, पाच वर्षं बघायला नको. जुन्या गाड्यांची कामं करणारा शेजारी म्हणतो, निळं-हिरवंच भरा. इंजिनिअरने विचारलंय की प्रकार बदलावा का, आणि बदलायचा तर रेडिएटर रिकामा करून नवं ओतलं की काम झालं का.

माझं उत्तर आधीच सांगतो. जी-४८ वर्गाचं (सेंद्रिय आम्लं आणि थोडं सिलिकेट असलेलं) निळं-हिरवं भरा आणि दर तीन वर्षांनी बदला. नुसता रेडिएटर रिकामा करून भागणार नाही, आतलं सगळं धुऊन काढावं लागेल. पण बाटली विकत घेण्याआधी ते पाणी तपकिरी का झालं ते शोधा, कारण या गाडीत तपकिरी पाण्याचं कारण कूलंटपेक्षा मोठं असू शकतं.

आता सविस्तर. मी याच भागात, नेकारसुल्मच्या आसपास, जुन्या गाड्यांची कामं करतो. ९४४ माझ्याकडे सतत येतात, आणि त्यांच्या बहुतेक मोठ्या खर्चांची सुरुवात पाण्यापासून झालेली असते.

या इंजिनाचा ब्लॉक अल्युमिनियमचा आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, तेही अल्युमिनियमचं. ब्लॉकच्या मिश्रधातूत १७ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, म्हणून सिलिंडरमध्ये लोखंडी लायनर नाहीत. पिस्टन थेट त्या मिश्रधातूच्या भिंतींवर चालतो. हे तंत्र पोर्शेने ९२८ च्या व्ही-८ मध्ये वापरलं होतं आणि ९४४ चं चार सिलिंडरचं इंजिन त्याच घराण्यातलं. रेडिएटरचा गाभाही अल्युमिनियमचा, बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या. म्हणजे तुमचं कूलंट दिवसरात्र अल्युमिनियमशी संबंध ठेवून आहे. अल्युमिनियम लोखंडासारखं तांबडं गंजत नाही. ते गुपचूप खाल्लं जातं, आणि आपल्याला कळतं तेव्हा हेड बाकावर उलटं पडलेलं असतं.

त्यात ब्लॉकचा वरचा भाग उघडा आहे. सिलिंडरांभोवतीचं पाणी वर थेट हेड गॅस्केटला, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधल्या सीलला, भिडतं. गॅस्केट कायम भिजलेलं असतं, वयाबरोबर पाण्याच्या भोकांभोवती ते भुसभुशीत होतं, आणि हेडमधल्या पाण्याच्या वाटांच्या कडांना खड्डे पडतात. कूलंट दहा-बारा वर्षं बदललेलंच नाही अशा गाडीचं हेड काढलं की हे खड्डे हमखास दिसतात. थोडे असतील तर पृष्ठभाग घासून निभावतं. सिलिंडरच्या सीलिंगच्या रेषेपर्यंत पोचले असतील तर वेल्डिंग करावं लागतं, नाहीतर दुसरं हेड शोधावं लागतं, आणि चांगली हेडं आता सहज मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट वॉटर पंपाची. या गाडीत पंप टायमिंग बेल्टच्या पाठीवर फिरतो. बहुतेक गाड्यांत पंप गेला तर गाडी तापते, आपण बाजूला थांबतो, टो करून नेतो. इथे पंपाचं सील गळायला लागलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग खडखडतं, आणि ते एकदा जाम झालं की बेल्ट जातो. बेल्ट गेला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून सीलच्या पृष्ठभागांवर ज्याने रखरखीत थर बसेल असं काहीही मी या इंजिनात जाऊ देत नाही. गळती बंद करणारी पावडर तर अजिबातच नाही.

आता रसायन. बाटलीतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जवळजवळ सगळ्यांचा सारखाच असतो, इथिलीन ग्लायकॉल. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफने १९२९ मध्ये ग्लायसँटिन बाजारात आणलं तेव्हापासून पाया तोच आहे. फरक आहे तो उरलेल्या थोड्या टक्क्यांत, गंजरोधक रसायनांमध्ये. आपण प्रकार बदलतो म्हणजे तेवढंच बदलतो.

जुन्या पद्धतीत सिलिकेट, बोरेट, कधी फॉस्फेट अशी अकार्बनी क्षारं असत. सिलिकेटचा गुण असा की उघड्या अल्युमिनियमवर ते फार लवकर पातळ थर धरतं. थर कुठे घासला गेला तर पुन्हा तिथे बसतं. पण असं करता करता ते संपत जातं, म्हणून अशी कूलंटं दोन वर्षांत बदलायची. नंतर सेंद्रिय आम्लांची कूलंटं आली. ती सगळीकडे थर धरत नाहीत. जिथे गंज सुरू होतोय तिथेच काम करतात, त्यामुळे सावकाश खर्च होतात आणि पाच वर्षं टिकतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ च्या मॉडेलपासून नारिंगी रंगाचं असं कूलंट सरसकट वापरलं. त्यांची उणी बाजू अशी की उघड्या धातूवर त्यांचं संरक्षण प्रस्थापित व्हायला वेळ लागतो, आणि शिशाचं झाळण असलेल्या जुन्या पितळी रेडिएटरना ती नीट जपत नाहीत. तिसरा प्रकार या दोघांच्या मधला, संकरित: सेंद्रिय आम्लांचा आधार आणि वर थोडं सिलिकेट. जी-४८ हा त्यातला. फॉस्फेट नाही, नायट्राइट नाही, अमाइन नाही.

हे प्रकार देशोदेशी वेगवेगळे का झाले, यामागे पाणी आहे. युरोपात बऱ्याच ठिकाणी नळाचं पाणी जड, कॅल्शियमयुक्त. फॉस्फेटवालं कूलंट अशा पाण्यात मिसळलं की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा थर धरतो, चहाच्या पातेल्यात जमतो तसा. म्हणून युरोपच्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं आणि सिलिकेट ठेवलं. जपानी कंपन्यांना पंपाच्या सीलवर सिलिकेटचा थर नको होता, त्यांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट ठेवलं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य होते. जपानी गाडीचं कूलंट जर्मन गाडीत भरून त्यात जड पाणी घातलं, तर दोन्हीकडचे तोटे एकत्र होतात.

आणि रंग म्हणजे फक्त रंग. त्याला कुठलंही जागतिक प्रमाण नाही. होंडाचं निळं आणि बीएमडब्ल्यूचं निळं ही रसायनं वेगळी आहेत. टोयोटाचं लाल आणि फोक्सवागेनचं लाल यांचा एकमेकांशी संबंध नाही. हिरवं तर कुणीही कशालाही करतं. बाटलीच्या मागचं मानक वाचा. तुमच्यासाठी ते मानक आहे फोक्सवागेनचं टीएल ७७४-सी, म्हणजेच जी-११. ग्लायसँटिन जी-४८ त्या वर्गातलं. दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तरी हेच मानक छापलेलं असलं पाहिजे. 'सर्व गाड्यांसाठी' असं मोठ्या अक्षरात लिहून मागे एकही मानक नसलेलं कूलंट मी घेत नाही.

फोक्सवागेनचं मानक पोर्शेला का लावायचं? तुमची गाडी नेकारसुल्मच्या आउडी कारखान्यात बांधली गेली. फोक्सवागेन-आउडीच्या कूलंटचा इतिहास हा तिचाही इतिहास आहे. त्यातला एक भाग तुमच्या टाकीतल्या रंगाशी थेट संबंधित असू शकतो. जुलै १९९६ पर्यंत जी-११ होतं, निळं-हिरवं. त्यानंतर लाल जी-१२ आलं, सिलिकेट नसलेलं. ही दोन एकमेकांत मिसळली की तपकिरी गाळ होत असे. त्या काळात किती वर्कशॉपनी निळ्या-हिरव्यात लाल टॉप-अप केलं असेल याचा हिशेब नाही. पुढे आलेलं जी-१२ प्लस, म्हणजे टीएल ७७४-एफ, आधीच्या दोघांत चालेल असं बनवलं. मग जी-१२ डबल प्लस, मग ग्लिसरीन असलेलं जी-१३, आणि आता जी-१२ इव्हो, त्यात ग्लिसरीन पुन्हा नाही. 'मागच्या प्रकारांत मिसळतं' याचा अर्थ एवढाच की गाळ होत नाही. मिसळल्यावर पाच वर्षांचं आयुष्य मिळत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही.

मग जांभळं वाईट का? नाही. जी-१२ डबल प्लस वर्गात सेंद्रिय आम्लांबरोबर सिलिकेट आहे आणि अल्युमिनियमला ते जपतं. पूर्ण स्वच्छ सिस्टिममध्ये ते भरलेल्या ९४४ मी पाहिल्या आहेत आणि त्या नीट चालतात. कुणी तसं केलेलं असेल तर मी त्याला काढून टाकायला सांगत नाही. पण तुम्ही आज निवडताय, आणि तुम्हाला त्यातून मिळणार काय? पाच वर्षं. ती पाच वर्षं तुम्ही वापरणारच नाही. या गाडीचा टायमिंग बेल्ट चार वर्षांच्या आत बदलावा असं मी सांगतो, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. त्याच वेळी पंपही बदलावा, आणि पंप काढायचा म्हणजे कूलंट काढायचंच. शिवाय कुठल्याही मुक्कामाच्या वर्कशॉपमध्ये तुमची ९४४ बघून कुणी टॉप-अप केलं तर ते जी-४८ नेच करेल, कारण या गाडीत तेच असणार असं जाणकार माणूस गृहीत धरतो. मग तुमच्याकडे पुन्हा मिश्रण.

सिलिकेट नसलेलं लाल किंवा नारिंगी मात्र या गाडीत नको. चाळीस वर्षांच्या हेडवर धुतल्यानंतर ठिकठिकाणी उघडा धातू असतो. तिथे पहिल्याच दिवसापासून थर धरणारं काहीतरी हवं, आणि ते काम सिलिकेटच चांगलं करतं.

पाणी अजिबात नसलेलं कूलंटही लोक सुचवतात. त्याचा उत्कलनबिंदू १८० अंशांच्या वर असतो, हे खरं. पण उष्णता वाहून नेण्यात पाण्यासारखं काही नाही. नुसता ग्लायकॉल बराच कमी उष्णता उचलतो, त्यामुळे हेड जास्त तापमानाला चालतं. ज्या इंजिनाचं हेड गॅस्केट हीच दुखरी जागा आहे त्यात मी ते घालणार नाही.

आता तुमच्या तपकिरी पाण्याकडे. थंड इंजिनावर टाकीचं टोपण उघडून काचेच्या बरणीत थोडं पाणी काढा आणि रात्रभर न हलवता ठेवा.

सकाळी वर तेलाचा तवंग किंवा कॉफीत दूध घातल्यासारखा चिकट फेस दिसला तर कूलंट बदलण्याचा विचार बाजूला ठेवा. लोक लगेच म्हणतात हेड गॅस्केट गेलं. ९४४ मध्ये आधी संशय घ्यायचा तो ऑइल कूलरवर. ब्लॉकच्या बाजूला एक कूलर आहे, त्यात तेल आणि पाणी शेजारी-शेजारी वाहतात आणि मध्ये रबरी सील असतात. सील कडक झाले की तेल पाण्यात शिरतं. तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे इंजिन चालू असताना प्रवाह त्याच दिशेने होतो; म्हणून टाकी बरबटलेली आणि डिपस्टिक मात्र स्वच्छ, असं दृश्य दिसतं. सील बदलणं हे कष्टाचं काम आहे, पण हेड उघडण्यापेक्षा कितीतरी लहान. गॅस्केटची शंका उरलीच तर निळ्या द्रवाची टेस्ट करून घ्या: टाकीतली हवा त्या द्रवातून ओढतात, ज्वलनाचा वायू असेल तर निळ्याचं पिवळं होतं. इथल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ही टेस्ट होते.

तळाशी बारीक गाळ बसला असेल तर बोटांत चोळून बघा. लोखंडाचा गंज असेल असं आपल्याला वाटतं, पण या इंजिनात पाण्याला लागणारं लोखंड फारच थोडं आहे. दाट तांबडा गंज ९४४ मध्ये तयार व्हायलाच जागा नाही. म्हणून गाळ म्हणजे बहुधा मिसळलेल्या दोन कूलंटांचा साका, किंवा कुणीतरी गळती थांबवायला ओतलेली पावडर. पावडर असेल तर ती चमचमते किंवा तंतूंसारखी दिसते. ती असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर अर्धा तुंबलेला असण्याची शक्यता धरा, आणि आधीचा मालक कुठली गळती झाकत होता ते शोधा.

त्याच बरणीत पीएचची पट्टी बुडवा. चांगलं कूलंट आठच्या आसपास असतं. सातच्या खाली आलं असेल तर ते आम्लधर्मी होऊन आतून धातू खातंय. अशा वेळी पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नका.

तेल नाही, वायू नाही, फक्त मिश्रण, असं ठरलं की धुण्याच्या कामाला लागा. भाड्याच्या घराच्या पार्किंगमध्ये हे करू नका, घरमालक आणि नगरपालिका दोघेही ऐकून घेणार नाहीत. तासाच्या भाड्याने लिफ्ट देणारं मीटवेर्कश्टाट शोधा. तिथे लिफ्ट, ट्रे, जुनं कूलंट टाकण्याची सोय सगळं असतं.

इंजिन पूर्ण गार असू दे. हीटर पूर्ण गरमवर. टाकीचं टोपण उघडा, रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातला प्लास्टिकचा ड्रेन बोल्ट हळू सोडा. तो जुना असतो आणि त्याचे आटे उडतात, नवा बोल्ट आणि वॉशर आधीच आणून ठेवा. खालचा होजही काढा. ब्लॉकलाही ड्रेन प्लग आहे, पण तो एक्झॉस्टच्या बाजूला अडचणीच्या जागी बसलेला आणि बहुतेक गाड्यांत कधीच न उघडलेला असतो. निघाला तर उत्तम. जोर लावूनही हलत नसेल तर सोडून द्या. अल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे फाडण्यापेक्षा चार वेळा जास्त धुणं परवडतं.

आणि इतक्या वेळा का, तर हिशेब बघा. सिस्टिममध्ये साधारण आठ लिटर मावतं. ब्लॉकचा प्लग न उघडता निम्म्याच्या आसपास निघतं, म्हणजे चार लिटर जुनं आत राहतं. साधं पाणी भरून, इंजिन गरम करून, पुन्हा काढलं की उरलेल्याचं निम्मं होतं. पहिल्या धुण्यात जुन्याचा वाटा ५० टक्के, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात साडेबारा, चौथ्यात सहाच्या आसपास, पाचव्यात तीन. मी पाच टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय नवा प्रकार भरत नाही, आणि बाहेर येणारं पाणी रंगहीन दिसायला हवं. प्रत्येक वेळी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवलं पाहिजे. तो बंद असताना ब्लॉकमधलं पाणी रेडिएटरकडे येतच नाही आणि आपण तोच रेडिएटर पुन्हा पुन्हा धुत बसतो. वरचा होज हाताला गरम लागला की उघडला समजा. मग बंद करा आणि गार होऊ द्या. तापलेल्या हेडमध्ये थंड पाणी कधीही ओतू नका. यात अख्खा दिवस जातो. घाई असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

पहिल्या फेऱ्यांना नळाचं पाणी चालेल. शेवटच्या दोन फेऱ्या डिस्टिल्ड पाण्याच्या, कारण त्यातलं चार लिटर आतच राहणार आहे. श्टुटगार्टमध्ये बोडनझे सरोवराचं पाणीही येतं आणि डोनाउ (डॅन्यूब) नदीच्या खोऱ्यातलं भूजलही, आणि दुसरं पहिल्यापेक्षा जड आहे. बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरकामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, डिस्टिल्ड पाण्याचे पाच लिटरचे कॅन स्वस्त मिळतात, तिथे काटकसर नको. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की बाटलीतलं पाणी ओतायची सवय असते, आणि दख्खनच्या बोअरचं पाणी तर फारच जड. ती सवय या गाडीला लावू नका. अडचणीत साधं पाणी ओतावंच लागलं तर ओता, पण त्या महिन्यात कूलंट बदला.

सिट्रिक आम्लाची फेरी फक्त आत पांढरा क्षार दिसत असेल तर. सौम्य करा, जास्त वेळ ठेवू नका, आणि नंतर दोन फेऱ्या जास्त पाण्याच्या द्या. कॉस्टिक किंवा भांड्यांच्या मशीनच्या तीव्र पावडरीने धुण्याचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका. क्षारधर्मी तीव्र द्रव अल्युमिनियम विरघळवतो.

सिस्टिम रिकामी आहे तोवर थर्मोस्टॅट बदला. तो पंपाच्या तोंडात बसतो आणि एका सर्क्लिप रिंगने अडकवलेला असतो. त्याच्या मागे आत एक रबरी रिंग असते, ती बरेच जण विसरतात. ती नसेल तर पाणी थर्मोस्टॅटला वळसा घालतं आणि नवा थर्मोस्टॅट घालूनही तापमान नीट राहत नाही. मागे हीटरचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह आहे, इंजिनाच्या मागच्या बाजूला फायरवॉलजवळ. तो जुना असेल तर आत्ताच बदला. तो रस्त्यात फुटतो तेव्हा सगळं कूलंट एकदम बाहेर जातं आणि काट्याला ते कळायलाही वेळ लागतो. होज दाबून बघा, कडक किंवा मऊ पडलेले सगळे बदला. टाकीचं टोपणही नवं घ्या. दाब धरणारं टोपण गेलं की पाणी लवकर उकळतं.

आता भरणं. इथे एक चूक फार होते. आत चार लिटर साधं पाणी आहे हे विसरून लोक तयार मिसळलेलं अर्धं-अर्धं कूलंट ओततात. चार लिटर पाण्यात चार लिटर तयार मिश्रण म्हणजे ग्लायकॉल फक्त २५ टक्के. ते उणे १२ च्या आसपास गोठतं. श्वाबियन आल्बच्या डोंगराळ पठारावर एखाद्या जानेवारीच्या रात्री गाडी बाहेर राहिली तर तेवढं पुरत नाही, आणि गंजरोधकही निम्माच. म्हणून घट्ट, न मिसळलेलं जी-४८ घ्या, आधी त्याचे चार लिटर ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. असं केलं की प्रमाण आपोआप अर्धं-अर्धं होतं आणि गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास जातो. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त चांगलं असं नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतो, आणि प्रमाण वाढलं की उष्णता वाहण्याची ताकद कमी होते. उन्हाळ्यात डोंगरात गाडी हाणणाऱ्यांना मी ४० टक्के ठेवायला सांगतो. तेही उणे २५ पर्यंत पुरतं.

एअर काढणं हा या गाडीतला सर्वात महत्त्वाचा टप्पा. गाडीचं नाक वर ठेवा, रॅम्पवर किंवा जॅक स्टँडवर. इंजिनाच्या पुढच्या भागात वरचा होज जिथे जोडला जातो तिथे ब्लीड स्क्रू, म्हणजे एअर बाहेर सोडायचा स्क्रू, आहे. तो उघडा ठेवून टाकीतून सावकाश ओतत राहा, बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. इंजिन चालू करा, हीटर गरमवर, आणि फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत काट्यावरून नजर हलवू नका. मध्ये एकदा-दोनदा स्क्रू जरा सैल करून उरलेली एअर जाऊ द्या, पण हात आणि चेहरा दूर ठेवून, कारण आता ते पाणी तापलेलं आणि दाबाखाली आहे. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर आत अजून एअर आहे. काटा वर चढतोय आणि वरचा होज थंडच आहे, असं दिसलं तर लगेच बंद करा. पुढे चालवून एअर आपोआप निघेल या आशेवर राहू नका, या इंजिनात ती आशा हेडच्या किमतीची असते.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी बघा, थोडी उतरलेली असेल, भरा. पहिले दोन आठवडे रोज बघा. रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर द्रवावरून ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं छोटं यंत्र) प्रमाण तपासा, त्याची इथिलीन ग्लायकॉलची पट्टी वाचा, शेजारी प्रॉपिलीनची वेगळी असते. महिन्याभराने पुन्हा बरणीत थोडं काढा. स्वच्छ निळं-हिरवं राहिलं असेल तर काम नीट झालं. पुन्हा तपकिरी झाक आली तर आत जुना साका शिल्लक आहे. अशा वेळी हे नवं कूलंट धुण्याचा खर्च समजून काढून टाका आणि पुन्हा भरा. मळलेल्या गाड्यांत दुसरं भरणंच खरं भरणं असतं, म्हणून पहिल्यांदाच दोन्हीपुरतं कूलंट घेऊन ठेवा.

जुनं कूलंट गटारात, मातीत, कुठेही ओतू नका. इथे तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतो, कुत्री-मांजरं चाटतात, आणि अगदी थोड्या मात्रेतही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. सांडलेलं लगेच फडक्याने टिपून घ्या, ट्रे झाकून ठेवा. कॅनवर नाव लिहून शहराच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात किंवा फिरत्या गाडीत द्या. जुन्या इंजिन तेलात ते मिसळू नका, मिसळलं की दोन्ही घ्यायला नकार देतात.

हे सगळं ९२४ एस, ९२८ आणि ९६८ लाही लागू आहे, फक्त लिटरचे आकडे त्या-त्या गाडीच्या पुस्तकातून घ्या, ९२८ मध्ये दुपटीच्या आसपास लागतं. साध्या दोन लिटरच्या ९२४ चा ब्लॉक लोखंडी आहे, तिथे तांबडा गंज खरोखर सापडतो आणि सिट्रिक आम्लाची फेरी बहुधा लागतेच. कुणाकडे इंग्लंडहून आणलेली एमजीबी किंवा ट्रायम्फ असेल तर त्यांनी जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं निळं कूलंट घ्यावं आणि दोन वर्षांनी बदलावं. त्यांचे पितळी रेडिएटर आणि झाळण त्यालाच सरावलेले आहेत.

काम झालं की टाकीच्या टोपणाजवळ टिकाऊ शाईने लिहा: जी-४८, प्रमाण, महिना आणि वर्ष. तुमची गाडी एच-केनत्साइखनच्या, म्हणजे जुन्या ऐतिहासिक गाड्यांच्या नंबरप्लेटच्या, वयाची आहे, कागदपत्रांची फाइल तुम्ही ठेवतच असाल. त्यात रिकाम्या कॅनच्या लेबलचा फोटोही लावून ठेवा, म्हणजे पुढच्या बेल्टच्या वेळी आत काय आहे हे कुणालाही विचारावं लागणार नाही. आणि बरणीत तेल दिसलं तर धुवायला सुरुवात करू नका, आधी बरणीचा आणि ऑइल कूलरच्या बाजूचा फोटो पाठवा.